ल्हासा दे सेला हिचा 'ला योरोना' : यात मेक्सिकन म्हणावे ते नेमके कशाला?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी नाशिकला स्पॅनिश शिकते आहे आणि कानाला सवय व्हावी म्हणून रोज थोडा वेळ त्या भाषेतली गाणी ऐकते. बहुतेक गाण्यांतले शब्द वेगामुळे निसटून जातात. मागच्या महिन्यात मात्र ल्हासा दे सेला या गायिकेचा १९९७ सालचा 'ला योरोना' हा संग्रह ऐकायला घेतला आणि पहिल्याच गाण्याने, म्हणजे 'दे कारा आ ला पारेद' (भिंतीकडे तोंड करून) या गाण्याने, मला हातातले काम बाजूला ठेवायला लावले. ती इतकी संथ गाते आणि प्रत्येक अक्षराला इतका अवकाश देते की माझ्यासारख्या शिकाऊ श्रोत्यालाही ओळ समजते. ओळ समजते, तिच्यात कोणी रडते आहे हेही कळते, पण त्या रडण्यामागचे कारण मात्र गाणे सांगत नाही, आणि म्हणून ते पुन्हा ऐकावेसे वाटते.

माझी अडचण वेगळीच आहे. या संग्रहाची ओळख सगळीकडे 'पारंपरिक मेक्सिकन संगीत आणि आधुनिक शैली यांचा मिलाफ' अशी करून दिली जाते. मेक्सिकन संगीत म्हटले की मला मारियाची आठवतात : रुंद काठाच्या टोप्या, ट्रम्पेटचा झगझगीत आवाज, व्हायोलिनवाल्यांची रांग. या संग्रहात त्यातले जवळजवळ काहीच नाही. अकॉर्डियन आहे, विजेची गिटार आहे, मधूनच पूर्व युरोपातल्या एखाद्या जुन्या चालीची आठवण यावी असे व्हायोलिन आहे. गायिका जन्मली अमेरिकेत, आणि संग्रह ध्वनिमुद्रित झाला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात. मग यात मेक्सिकन आहे ते काय? केवळ भाषा? यातली कोणती गाणी परंपरेतून आलेली आहेत आणि कोणती तिची स्वतःची? आणि एखाद्या स्थलांतरित गायिकेने परंपरा आणि नवे यांचा मिलाफ केला असे आपण म्हणतो, तेव्हा तो मिलाफ वाद्यांमध्ये शोधायचा, तालात शोधायचा, की आणखी कुठे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शेजारी_मॉन्ट्रियल

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण मी ज्या शहरात राहतो तिथे ल्हासाचे नाव आजही आपुलकीने घेतले जाते. माईल एंड या वस्तीत तिच्या नावाचे एक लहानसे उद्यान आहे आणि २०१४ सालापासून आमच्या भागातली मुले तिथे खेळतात. तिच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते क्रमाने न सांगता, तुमच्या प्रश्नाला लागेल तेवढेच सांगतो.

ती १९७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतल्या बिग इंडियन नावाच्या गावी जन्मली. वडील मेक्सिकन, आई अमेरिकन. जन्मानंतर पाच महिने मुलीला नावच नव्हते. आई तिबेटविषयीचे एक पुस्तक वाचत होती आणि त्यातून तिला 'ल्हासा' हे नाव सापडले. पुढची अनेक वर्षे हे कुटुंब एका जुन्या, घरासारख्या करून घेतलेल्या शाळेच्या बसमध्ये राहिले आणि अमेरिका व मेक्सिको यांच्यामध्ये फिरत राहिले. बसमध्ये दूरचित्रवाणी नव्हती. पुस्तके होती, आईवडिलांना आवडणारी गाणी होती, आणि रोज रात्री मुलींनी आईवडिलांसमोर काहीतरी करून दाखवायचे अशी घरची रीत होती. तिच्या गाण्यात जे नाट्य आहे, म्हणजे एखाद्या पात्राच्या तोंडून बोलल्यासारखी जी लकब आहे, ती मला या रोजच्या रात्रींतून आलेली वाटते. वयाच्या तेराव्या वर्षी ती सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका ग्रीक कॅफेत बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकेची गाणी गाऊ लागली होती, हेही लक्षात ठेवावे.

१९९१ साली, एकोणीस वर्षांची असताना, ती मॉन्ट्रियलला आली. तिच्या बहिणी इथे सर्कशीचे शिक्षण घेत होत्या आणि ती त्यांना भेटायला आली होती. ती राहिली. इथे तिला ईव्ह देरोझिए हा गिटारवादक भेटला आणि पुढची जवळजवळ पाच वर्षे ते दोघे शहरातल्या मद्यालयांमध्ये वाजवत-गात राहिले. ही पाच वर्षे मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. मद्यालयात आलेला माणूस गाणे ऐकायला आलेला नसतो, आणि इथे तर ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्पॅनिशचा एक शब्दही कळत नव्हता. अशा श्रोत्यांसमोर शब्दांच्या अर्थावर विसंबता येत नाही. जे पोहोचवायचे ते आवाजातूनच पोहोचवावे लागते. देरोझिए क्वेबेकचा, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथला. पुढे २००२ साली त्याने व्लादिमिर विसोत्स्की या रशियन कवी-गायकाच्या गाण्यांचा एक अख्खा संग्रह केला, यावरून परक्या भाषेतल्या गाण्याकडे हा माणूस किती गांभीर्याने पाहतो ते कळावे. 'ला योरोना'चा पोत त्याच्या हातून घडलेला आहे. तेव्हा तुम्हाला त्यात मारियाची ऐकू आले नाहीत, याचे एक साधे कारण हे की मेक्सिकोत कधीही न वाढलेल्या एका माणसाने, मेक्सिको आठवणीतून सांगणाऱ्या एका मुलीसाठी ती गाणी सजवली आहेत.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. क्वेबेक हा फ्रेंच भाषेला जिवापाड जपणारा प्रांत आहे. १९७७ साली इथे फ्रेंचच्या रक्षणासाठी कायदा झाला, आणि ३० ऑक्टोबर १९९५ रोजी कॅनडापासून वेगळे होण्याविषयी झालेले सार्वमत एका टक्क्याच्या आसपासच्या फरकाने फेटाळले गेले. भाषेच्या प्रश्नावर मने इतकी हळवी झालेली असताना, अवघ्या दोन वर्षांनी, संपूर्ण स्पॅनिशमधला एक संग्रह इथल्या लोकांनी आपला म्हणून उचलून धरला. त्याला क्वेबेकचा फेलिक्स हा संगीत पुरस्कार मिळाला आणि १९९८ साली कॅनडाचा जुनो हा संगीत पुरस्कारही. मला यात आश्चर्य कमी आणि समजूतदारपणा अधिक दिसतो : ज्यांना आपली भाषा हातची जाईल अशी धास्ती असते, त्यांना दुसऱ्याने आपली भाषा उराशी धरून गाणे लवकर कळते.

षड्जपंचम

शेजारी यांनी तिची वाट उत्तम सांगितली आहे. मी प्रश्नाच्या संगीताच्या बाजूविषयी लिहितो. उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम, ज्याला तुम्ही पारंपरिक मेक्सिकन समजता आहात, त्याकडे थोडे बारकाईने पाहू. मारियाचीतले ट्रम्पेट मुळातले नाही. हालिस्को आणि आसपासच्या भागांतले मारियाची हे तंतुवाद्यांचे मेळे होते : व्हायोलिन, पोटाला बाक असलेली लहान विउएला, मंद्र स्वरांची थोरली गितार्रोन, कुठे हार्प. ट्रम्पेट विसाव्या शतकात, नभोवाणी आणि चित्रपट यांच्या काळात, या मेळ्यात कायमचे स्थिरावले. उलट, तुम्हाला परके वाटलेले अकॉर्डियन उत्तर मेक्सिकोत एकोणिसाव्या शतकापासून आहे. ते टेक्सास आणि त्या सीमेवर येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक लोकांबरोबर आले, त्यांच्या पोल्का नाचासह आले, आणि आज 'नोर्तेन्यो' संगीत अकॉर्डियनशिवाय कल्पनेतही येत नाही. सांगायचे एवढेच की अमुक वाद्य आले म्हणजे परंपरा आणि अमुक आले म्हणजे आधुनिकता, अशी वाटणी मेक्सिकन संगीताच्या बाबतीत कधीच टिकत नाही.

तालाविषयीही तसेच. वेराक्रूझच्या किनाऱ्यावरचे 'सोन हारोचो' हे लोकसंगीत घ्या. त्यात हाराना नावाची लहान, जोरकस छेडली जाणारी गिटार असते, हार्प असते, आणि लाकडी फळीवर टाचांनी ताल धरणारे नर्तक असतात. आपल्या दादऱ्यासारख्या सहा मात्रा मनात धरा. त्या सहा मात्रा एकाच वेळी तीन-तीनच्या दोन गटांत आणि दोन-दोनच्या तीन गटांत मोजल्या जातात; एक वाद्य एका हिशेबाने चालते, दुसरे दुसऱ्या, आणि पाय दोन्हींच्या मधून वाट काढतात. स्पॅनिश, आफ्रिकी आणि मूळ रहिवाशांचे संगीत तिथे असे एकमेकांत मिसळून गेले आहे की हा धागा कोणाचा ते वेगळे काढता येत नाही. ल्हासाने ही चाल 'ला योरोना'चा पाया केलेली नाही. तिचा ओढा दुसरीकडे आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

तो ओढा रांचेरा या मेक्सिकन गीतप्रकाराकडे आहे, आणि रांचेरातही चावेला वार्गास या गायिकेकडे. रांचेरा हे एका माणसाने एका माणसाला उद्देशून म्हटलेले गाणे असते. तू गेलीस, तू मला हसलास, मी आता पिणार आहे, मी आता रडणार नाही, असे समोरासमोरचे बोलणे त्यात असते. त्यातले दुःख झाकलेले नसते, आणि त्याची कारणमीमांसाही केलेली नसते. साधारणपणे हे गाणे मारियाचीच्या भरगच्च साथीवर आणि ताणलेल्या, उंच आवाजात गातात. चावेलाने साथ काढून टाकली. एक किंवा दोन गिटारी ठेवल्या, लय इतकी खाली आणली की दोन ओळींमधली शांतता गाण्याचाच भाग झाली, आणि पुरुषांनी स्त्रियांना उद्देशून लिहिलेली गाणी शब्द न बदलता तशीच गायली. तिचा आवाज पुष्कळदा ओळीच्या शेवटी स्वर सोडून बोलण्यात उतरतो. आता 'दे कारा आ ला पारेद' पुन्हा ऐका. ओळीचा शेवट लांबवून त्यावर तान किंवा कंप घेण्याऐवजी ल्हासा तो खाली सोडते, हात सुटल्यासारखा. हे चावेलाकडून आलेले आहे. त्यात बिली हॉलिडेही आहे, कारण लयीच्या किंचित मागे राहून शब्द टाकण्याची सवय तिला त्या ग्रीक कॅफेत लागली असणार. पण मुळातली बैठक रांचेराचीच.

आणि ही चावेला वार्गास तरी कुठली? ती १९१९ साली कोस्टा रिकात जन्मली आणि किशोरवयात मेक्सिकोला आली. ज्या आवाजाला आज सारे जग मेक्सिकोचा आवाज म्हणते, तो स्थलांतरित स्त्रीचा आवाज आहे. १९७०च्या दशकानंतर दारूमुळे ती कितीतरी वर्षे रंगमंचावरून नाहीशी झाली होती. १९९१ साली ती पुन्हा गाऊ लागली, म्हणजे ल्हासा मॉन्ट्रियलला पोहोचली त्याच वर्षी. या योगायोगावरून काही सिद्ध करायचे नाही, पण मला तो विसरता येत नाही.

म्हणून माझे मत असे की या संग्रहातले मेक्सिकन शोधायचे तर वाद्यांची यादी बाजूला ठेवावी. ते आवाजाच्या वागण्यात आहे. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी थेट बोलणे, दुःखाला कारण न देणे, ओळीचा शेवट सजवण्याऐवजी सोडून देणे : हे सारे ती सोबत घेऊन आली, आणि ते पक्के होते म्हणूनच भोवतालच्या साथीत तिला कोणतेही वाद्य चालले. आवाजाची बैठक कच्ची असती, तर तिला ओळख पटवण्यासाठी ट्रम्पेटची गरज लागली असती.

कोणती गाणी परंपरेतली, हे राहिले. बहुसंख्य गाणी तिची आणि देरोझिएची आहेत. 'लोस पेसेस' हे नाताळात गायले जाणारे, स्पॅनिशभाषक जगात घरोघरी ठाऊक असलेले गाणे आहे. देव जन्मलेला पाहून नदीतले मासे पुन्हा पुन्हा पाणी पितात, अशी त्यातली कल्पना. 'एल पायांदे' मेक्सिकोचे नाहीच. ते कोलंबियातल्या मागदालेना नदीच्या काठी जन्मलेल्या एका गुलामाचे गाऱ्हाणे आहे. 'एल आर्बोल देल ओल्विदो' (विसरण्याचे झाड) हे तर अर्जेंटिनाचा संगीतकार अल्बेर्तो हिनास्तेरा याने एका उरुग्वेच्या कवीच्या शब्दांना दिलेल्या चालीचे गाणे, म्हणजे रूढ अर्थाने लोकसंगीतही नव्हे. बसमध्ये वाढलेल्या मुलीचा वारसा असाच असायचा; आईवडिलांनी जे ऐकवले ते सारे तिचे.

तळकोकणातून

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे, ती थोडक्यात नोंदवतो. संग्रहाचे नाव 'ला योरोना' आहे, पण त्याच नावाचे प्रसिद्ध गाणे त्यात नाही. ते गाणे वाहाका राज्यातल्या तेवांतेपेकच्या संयोगभूमीतले, सापोतेक लोकांच्या मुलखातले. त्याची कडवी ठरलेली नाहीत. गाणारा आपल्या ओळखीची कडवी घेतो, दुसऱ्या गाण्यातली आणतो, नवी जोडतो आणि प्रत्येक ओळीअखेर त्या रडणाऱ्या बाईला हाक मारतो. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

योरोना म्हणजे रडणारी. आपलीच मुले पाण्यात बुडवून नंतर रात्रभर नदीकाठी त्यांना शोधत फिरणारी बाई, अशी कथा मेक्सिकोभर सांगतात. तिची मुळे फार जुनी आहेत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने आस्तेक लोकांकडून ऐकून जे लिहून ठेवले, त्यात स्पॅनिश येण्यापूर्वी झालेल्या आठ अपशकुनांपैकी सहावा असा आहे की रात्री एक बाई आपल्या मुलांना उद्देशून, आता आपल्याला दूर जावे लागणार म्हणून, आक्रोश करताना ऐकू येई. बाळंतपणात मेलेल्या स्त्रिया चव्हाट्यावर उतरतात, अशीही आस्तेकांची समजूत होती. आमच्याकडे अळवंत म्हणतात ती हीच कल्पना, आणि माझ्या आजीने तिन्हीसांजेला आम्हाला चव्हाट्यावर कधी थांबू दिले नाही.

मुलांना 'आता दूर जावे लागणार' असे रडून सांगणारी आई हे नाव, दोन देशांमध्ये फिरत्या बसमध्ये वाढलेल्या मुलीने आपल्या पहिल्या संग्रहाला दिले. त्याच संग्रहातल्या 'फ्लोरिकांतो' या शीर्षकाकडेही पाहा. नावात फूल आणि गाणे असे दोन शब्द आहेत. आस्तेकांच्या नावात्ल भाषेत कविता या अर्थी 'इन शोचित्ल, इन क्विकात्ल' म्हणजे 'फूल, गाणे' असा जोडशब्द आहे, त्याचे ते स्पॅनिश रूप. ल्हासा मेक्सिकोपासून किती दूर होती हे मोजताना ही नावे विचारात घ्यावीत.

दक्षिण_टेक्सास

मी गेली अठरा वर्षे टेक्सासमध्ये, सीमेपासून फार लांब नसलेल्या गावात राहते. ल्हासाचा आवाज मलाही अतिशय प्रिय आहे, परंतु षड्जपंचम यांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडल्याशिवाय राहवत नाही. परंपरा आवाजाच्या वागण्यात असते हे मान्य. मात्र ती माणसांतही असते, आणि माणसे ज्या कारणांनी घर सोडतात त्या कारणांतही असते. ती बाजू ऐकायची असेल, तर ल्हासाबरोबर लीला डाउन्स ऐकणे आवश्यक आहे.

लीला १९६८ साली वाहाका राज्यातल्या त्लाहियाको येथे जन्मली. आई मिस्तेक या तिथल्या मूळ रहिवासी समाजातली, आणि स्वतः गायिका. वडील मिनेसोटाचे अमेरिकन प्राध्यापक. दोन्ही देशांत वाढलेल्या लीलाने मिनेसोटा विद्यापीठात गायन आणि मानववंशशास्त्र यांचा अभ्यास केला आणि वाहाकातल्याच त्रिकी समाजाच्या स्त्रियांच्या विणकामावर काम केले. त्यानंतर ती त्लाहियाकोला आईच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करत असताना एक माणूस एक कागद घेऊन आला आणि त्याने तो भाषांतर करून सांगण्याची विनंती केली. ते त्याच्या मुलाच्या मृत्यूचे प्रमाणपत्र होते. मुलगा सीमा ओलांडताना बुडाला होता. वडिलांना इंग्रजी येत नव्हते, आणि ही बातमी त्यांना सांगण्याचे काम लीलाच्या वाट्याला आले. त्यातून तिने गाणे लिहिले, आणि सीमेवरचे स्थलांतरित हा तिच्या लेखनाचा कायमचा विषय झाला. २००१ सालचा तिचा 'ला लीनेया' (रेषा) हा संग्रह ज्यांना ती रेषा ओलांडायची होती त्यांच्याविषयी आहे. ती मिस्तेक, सापोतेक, नावात्ल आणि माया भाषांत गाते. २००० सालच्या 'युतु ताता' या संग्रहासाठी तिने मिस्तेक लोकांच्या चित्रलिपीतल्या जुन्या पोथ्यांमधून गाणी रचली. जॅझ, कुंबिया हे कोलंबियाचे नृत्यसंगीत, रॅप हे सारे तिच्याकडे येते, पण येते ते या माणसांच्या मागोमाग.

इथल्या सीमेवर मिलाफ ही रोजची गोष्ट आहे. १९५८ साली कॅलिफोर्नियात वाढलेल्या रिची व्हॅलेन्स या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने, ज्याचे स्पॅनिश बेताचेच होते, वेराक्रूझचे लग्नात गायचे सोन 'ला बांबा' विजेच्या गिटारीवर रॉक अँड रोलच्या चालीत गायले, आणि ते जगभर गेले. त्याच्यासाठी ते गाणे घरात ऐकू येणारे गाणे होते.

ल्हासाचेही सीमेवर एक गाणे आहे, २००३ सालच्या संग्रहातले 'ला फ्रोन्तेरा'. त्यात ती पुन्हा सीमेकडे येते, तिला पुन्हा पार जायचे आहे, आणि वारा तिला तिकडे ढकलतो. गाणे सुंदर आहे, मी ते शेकडो वेळा ऐकले आहे. पण मी जिथे राहते तिथे माणसांना वारा ढकलत नाही. म्हणून मला लीलाच्या सीमेवर अधिक विश्वास वाटतो, एवढेच नम्रपणे सांगते.

शेजारी_मॉन्ट्रियल

तुमचे शेवटचे वाक्य मनाला लागले आणि ते योग्यच आहे. तरीही ल्हासाच्या बाजूने एक सांगतो. तिच्या वाट्याला आलेली सीमा खरोखर तशीच होती : आईवडिलांच्या मर्जीने बस इकडून तिकडे जाई आणि मुलींना कारण विचारण्याची सोय नव्हती. स्वतःला ठाऊक नसलेले दुःख तिने उसने घेतले नाही, याचा मला आदर वाटतो. पुढेही ती तशीच हलत राहिली. 'ला योरोना'चे एवढे कौतुक झाल्यावर कोणीही लगेच दुसरा संग्रह काढला असता; ती मात्र फ्रान्सला गेली आणि पोशेरोस या फिरत्या सर्कशीत बहिणींबरोबर राहू लागली. नंतर मार्सेय या बंदराच्या शहरात राहून तिने नवी गाणी लिहिली आणि ध्वनिमुद्रणासाठी मॉन्ट्रियलला परतली. तोच २००३ सालचा 'द लिव्हिंग रोड', त्यात स्पॅनिश, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषा आहेत.

पाऊलवाट

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. गेले चार दिवस रात्री चावेला वार्गास आणि 'ला योरोना' आलटून पालटून ऐकते आहे. षड्जपंचम यांनी सांगितलेला ओळीचा शेवट आता मला स्पष्ट ऐकू येतो, आणि एकदा ऐकू आल्यावर तो न ऐकणे अशक्य झाले आहे. 'एल देसिएर्तो' या गाण्यात तर साथ घोड्याच्या टापांसारखी धावत असताना ती अजिबात घाई करत नाही. तुझ्या प्रेमाला हसण्यासाठी मी वाळवंटात आले आहे असे ती म्हणते, आणि आवाजात हसण्याचा मागमूसही नसतो. तिथे मला प्रथमच असे वाटले की साथ आधुनिक आणि आवाज जुना आहे, आणि दोघांनीही एकमेकांना मुरड घातलेली नाही.

'एल पायांदे'चे शब्द वहीत उतरवून घेतले. आपण ज्या झाडाखाली जन्मलो त्याचे नाव तो गुलाम घेतो, आईवडिलांनी आपल्याला वारशात काय दिले ते सांगतो, आणि तो वारसा म्हणजे साखळी. हे गाणे मेक्सिकोचे नसूनही तिने या संग्रहात का घेतले असावे, हे मला तळकोकणातून आलेल्या प्रतिसादानंतर अधिक कळले. तिथेही आई, मूल आणि पाणी आहेच.

दक्षिण टेक्सास यांच्या सांगण्यावरून लीला डाउन्स ऐकायला घेतली आहे. मृत्यूच्या प्रमाणपत्राची हकीकत वाचल्यावर मला बराच वेळ काही सुचले नाही. दुभाषी होण्यासाठी मी भाषा शिकते आहे. कधीतरी असा कागद माझ्याही हाती येऊ शकतो, हा विचार मी आजवर केलाच नव्हता.

एक शंका उरली आहे. ल्हासाचा शेवटचा संग्रह संपूर्ण इंग्रजीत आहे असे वाचले. मग आवाजाची जी बैठक आपण म्हणता, ती भाषा बदलल्यावर उरते का?

षड्जपंचम

उरते, असे माझे कान सांगतात, पण ती ओळखायला तुम्हाला आता 'ला योरोना'पासून सुरुवात करूनच तिथवर यावे लागेल. २००९ सालचा तो संग्रह, ज्याचे नाव नुसते 'ल्हासा' आहे, तिने मॉन्ट्रियलमध्ये वादकांबरोबर एकाच खोलीत बसून, जुन्या पद्धतीने फितीवर मुद्रित केला. साथ अमेरिकन दक्षिणेकडची, ब्लूज आणि गॉस्पेल यांच्या जवळची. अकॉर्डियन नाही, सर्कशीचा भास नाही. 'इज एनिथिंग राँग' ऐका : ओळ इंग्रजीत आहे, प्रश्न समोरच्या एकाच माणसाला विचारला आहे, आणि शेवटचा स्वर तसाच खाली सोडला आहे. मी हे गाणे दुसऱ्या कोणा गायिकेचे म्हणून ऐकले असते, तर रांचेरा हा शब्द मला सुचलाही नसता. तिचे म्हणून ऐकताना तो टाळता येत नाही. यात माझ्या माहितीचा प्रभाव किती आणि गाण्याचा किती, हे तुम्ही स्वतः ऐकून ठरवावे.

त्या संग्रहाच्या वेळी ती स्तनाच्या कर्करोगाशी झगडत होती. १ जानेवारी २०१० रोजी, सदतिसाव्या वर्षी, ती मॉन्ट्रियलमधल्या आपल्या घरी गेली. निधनानंतरच्या निवेदनात म्हटले होते की ती गेल्यापासून शहरात ४० तासांहून अधिक काळ बर्फ पडतो आहे. त्याच निवेदनात तिच्या पुढच्या बेताचाही उल्लेख होता : व्हिक्तोर हारा आणि व्हियोलेता पारा या चिलीच्या दोन गीतकारांची गाणी तिला गायची होती, म्हणजे ती पुन्हा स्पॅनिशकडे वळणार होती. तो संग्रह झाला नाही. 'एल आर्बोल देल ओल्विदो' ऐकताना मला तो कसा झाला असता याचा थोडासा अंदाज येतो, म्हणून ते गाणे मी सर्वांत शेवटी ऐकतो.